तरुण मूल स्वतःला इजा करतंय, तेव्हा घरच्यांनी काय करावं

मे महिन्याच्या घामातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाहुणे आले की माजघरात जाऊन बसणं, विचारलं की ‘मांजराने ओरबाडलं’. यावर ‘नाटकं करतोय’ किंवा ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणून मोकळं होऊ नका. त्यात महिने जातात.

बहुतेकदा मनातली घालमेल असह्य होते आणि वेदनेने ती घटकाभर थांबते. मग शरम वाटते, शरमेने घालमेल पुन्हा वाढते. सवय अशी जडते. कुणाला आतून काहीच जाणवेनासं झालेलं असतं. पण दुर्लक्षित राहणारं एक कारण म्हणजे स्वतःवरचा राग. मुंबईतली नोकरी सुटून गावी आलेला पंचविशीतला मुलगा ‘मी घराला भार’ असं धरून बसतो आणि स्वतःला शिक्षा देतो. आपण रागावलो की त्याला ती शिक्षा योग्यच वाटते.

जखम ताजी असेल तर स्वच्छ कापड 10 मिनिटं न उचलता दाबून धरा, मग पाण्याने धुवा. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा काही गिळलं असेल, तर लगेच 108.

नंतर एकाच माणसाने, चारचौघांत नाही, शांतपणे विचारावं: ‘त्याच्या आधी काय झालं होतं रे?’ उत्तर यायला वेळ लागतो. मध्ये उपदेश घालू नका. ‘मरावंसं वाटतं का?’ हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आंबा-काजूच्या फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा.

देवासमोर गाऱ्हाणं घालायला हरकत नाही, पण मुलाकडून शपथ घेऊ नका. शपथ मोडली की तो सांगायचंच बंद करतो. रोज हात तपासल्यानेही लपवाछपवीच वाढते. त्यापेक्षा ऊर्मी आली की कुणाजवळ येऊन बसायचं, रात्री कुणाला उठवायचं, हे आधीच ठरवा. ऊर्मी चढते तशी ओसरते. तेवढा वेळ सोबत हवी.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालतो. मराठीत बोलता येतं, घरच्यांनीही फोन करावा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका: आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, असंच 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 गृहीत धरतं, म्हणून त्याला शिक्षा होत नाही. गोळ्या सुरू झाल्या, तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. डॉक्टर सांगतील तशाच कमी करा.