ड्रायर सुरूच होईना, तेव्हा

साताऱ्यात जुलैमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. नेमका तेव्हाच आमच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर बंद पडला. धुण्याची बाजू चालू होती, म्हणजे प्लगपर्यंत वीज होती. ड्रायरचा टायमर टिकटिक करत होता, पण मोटरचा आवाजच नाही. ही खूण फार महत्त्वाची. मोटर नुसती घुमली असती आणि टब फिरला नसता, तर मी आधी मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कॅपॅसिटर आणि टब थांबवणारा ब्रेक पाहिला असता. इथे बहुधा मोटरपर्यंत वीजच पोचत नव्हती.

प्लग काढून मागचं पॅनल उघडलं. ड्रायरच्या झाकणाला सेफ्टी स्विच असतो. झाकण नीट बसलं तरच त्याच्या धातूच्या पट्ट्या जुळतात आणि मोटरला वीज मिळते. झाकण लावून मल्टिमीटरने (वीज तपासायच्या मीटरने) कंटिन्युइटी, म्हणजे विजेची वाट सलग आहे का, ते तपासलं; बीप आला नाही, म्हणजे वाट तुटलेली होती. दमट हवेने पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. बारीक पॉलिश पेपरने तो घासून काढला, वाकलेली पट्टी हलकेच सरळ केली आणि बीप आला! केवढा आनंद झाला.

शेजारचे काका म्हणाले होते, ‘स्विच काढ, वायरी थेट जोड.’ ते मात्र कधीच करू नका; उघड्या झाकणातून फिरत्या टबात मुलांचा हात जाऊ शकतो.

संध्याकाळी आईच्या सुती साड्या पिळून निघाल्या.