झोन दिसला की लगेच बॅक्टेरिओसिन म्हणू नका

एक जिवाणू दुसऱ्याला विष सोडून मारतो, हे आंद्रे ग्राशिया यांनी 1925 साली ई. कोलायवर दाखवलं. त्या विषांना पुढे कोलिसिन हे नाव मिळालं. जिवाणूंच्या अशा प्रथिनरूपी विषांना एकूणात बॅक्टेरिओसिन म्हणतात. आज प्लेटवर झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेला स्वच्छ गोल, दिसला की नवशिके थेट बॅक्टेरिओसिन म्हणून नाव द्यायला बसतात. तो गोल कशामुळे पडला, हे विचारायला कुणी थांबत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक आम्लाची. आमच्याकडे एका मुलीच्या लॅक्टोबॅसिलसनं, म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूनं, सुरेख झोन दिले. तिनं दोन महिने अमोनियम सल्फेटनं प्रथिनं खाली बसवली, डायलिसिस केलं (पडद्यातून छोटे रेणू धुऊन काढले) आणि नेमकी तिथेच सगळी ताकद नाहीशी झाली. ती रडकुंडीला आली होती. मी फ्रिजमधलं मूळ सुपरनेटंट (जिवाणू काढून उरलेला द्रव) काढून पीएच पाहिला: 4.1. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत तो 6.5 वर आणला, पुन्हा प्लेट लावली. सकाळी लॉन (ज्याला मारायचं त्या जिवाणूचा थर) सलग वाढलेलं, एकही झोन नाही. मारत होतं ते लॅक्टिक आम्ल, आणि ते डायलिसिसमध्ये वाहून गेलं होतं. पाच मिनिटांचं काम टाळल्यानं दोन महिने गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी पीएच, मग हायड्रोजन पेरॉक्साइड बाद करायला ते तोडणारं एन्झाइम कॅटॅलेज, मग प्रथिनं तोडणारं एन्झाइम प्रोटिनेज के. त्याचा थेंब नमुन्याच्या थेंबाशेजारी ठेवायचा. विष प्रथिनाचं असेल तर गोल त्या बाजूनं कापला जातो, चंद्रकोर उमटते. ती दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. नुसतं माध्यम आणि नुसतं एन्झाइम यांचे थेंब त्याच प्लेटवर हवेतच. कंट्रोल नसलेली प्लेट मी बघतही नाही.

दुसरी चूक फाजची. जिवाणूभक्षक विषाणूही असाच झोन देतो. दहापट-दहापट विरळ करत थेंब टाका. बॅक्टेरिओसिन असेल तर डाग फिका होत जातो. फाज असेल तर शेवटी सुटी सुटी छिद्रं दिसतात, कारण तो वाढतो, विष वाढत नाही. याला शॉर्टकट नाही.

झोनचा व्यास म्हणजे ताकद नव्हे. मोठा रेणू आगरमधून हळू सरकतो. दुप्पट-दुप्पट विरळ करून मोजा.

नायसिन हे बॅक्टेरिओसिन ई. कोलायवर लावून ‘काम करत नाही’ म्हणू नका. बाहेरचं पटल त्याला आत शिरू देत नाही.

लॉन फार दाट करू नका.

आणि झोन देणारा जिवाणू स्यूडोमोनास असेल तर माध्यमात फेरिक क्लोराइड घालून एकदा बघाच. झोन गेला, तर तिथे विष नव्हतं; सिडेरोफोरनं, म्हणजे लोह पकडणाऱ्या रेणूनं, लोह पळवल्यामुळे शेजारी उपाशी राहिला होता.