मालवणच्या पावसात रुसलेलं मशीन

गणपतीची आमंत्रणं यंदा हातानेच करायची ठरवली आणि ऐन श्रावणात डाय-कटिंग मशीन, म्हणजे डाय नावाच्या धारदार साच्याने कागदातून आकार कापणारं हातयंत्र, रुसलं. कागदी जास्वंदीच्या पाकळ्या सुटेचनात, कडेला नुसती लव. डाय बोथट झाली म्हणून तिलाच शिव्या घातल्या. दोष कागदाचा होता! 250 जीएसएमचा (चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणारा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, दमट हवेने पार मऊ पडलेला. असा कागद कापला जाण्याऐवजी दबतो. वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली. डाय आणि कागदामध्ये बटर पेपर घातला, म्हणजे बारीक नक्षीत तुकडे अडकत नाहीत. तरी मधोमध कापेना. डाय आणि कागद दाबणारी प्लेट एकाच बाजूने वापरून वाकली होती. ती उलटी केली, खाली एक साधा कागद सारला, हँडल फिरवलं आणि पाकळ्या अलगद सुटल्या. आता कार्डस्टॉक आईच्या पापडांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतो. पापड कुठे ठेवायचे, यावर अजून वाद चालू आहे.