मीटर लावताना या चुका टाळा: इनपुट इम्पीडन्सचा घोळ

चोपड्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. शिकायला येणारी पोरं हुशार असतात, पण मीटर हातात आलं की आकडा वाचायची घाई. मीटरही सर्किटमधून करंट ओढतं, आणि किती ओढणार ते त्याच्या इनपुट इम्पीडन्सवर, म्हणजे आत शिरणाऱ्या करंटला ते किती अडवतं त्यावर, ठरतं, हे कुणी ध्यानातच घेत नाही.

ड्रिपच्या नळीत दाब किती आहे ते बघायला टोकाची एंड कॅप काढली, तर पाणी वाहून दाबच पडतो. जुनं काट्याचं मीटर असंच करतं. १२ व्होल्टला एक-एक मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. मध्ये ६ व्होल्ट असतात. १० मेगाओहमचं डिजिटल मीटर ५.७ दाखवेल. २० हजार ओहम प्रति व्होल्टचं काट्याचं मीटर १० व्होल्टच्या रेंजवर, म्हणजे अवघ्या दोन लाख ओहमचं, जेमतेम १.७ दाखवेल.

म्हणून डिजिटलच चांगलं, असं समजून चालणारे शेतात फसतात. मे महिन्यात केळीच्या एका मळ्यातून मालक आप्पांचा फोन आला, मोटर उचलत नाही. मी पोराला पाठवलं. त्याने बोअरजवळ मोटर सोडवून केबलची टोकं मोजली. कडेच्या दोन वायरींमध्ये ४१० व्होल्ट, पण मधल्या वायरशी मोजलं की दोन्हीकडे २१०च्या आसपास. "आप्पा, एक फेज लो येतोय, वरूनच व्होल्टेज नाही," असं सांगून तो परत आला. आप्पा दोन दिवस वीज ऑफिसच्या चकरा मारत राहिले. शेवटी लाइनमनने डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, मोजलं, तिन्ही फेज सारखे. तोवर केळीची पानं कडेने करपायला लागली होती.

मग मी टेस्ट लॅम्प घेऊन गेलो. २०० वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये. कडेच्या दोन वायरींना लावला, लख्ख पेटला. मधल्या वायरीला लावला, तार लालसुद्धा झाली नाही. बांधाखालचा जॉइंट उकरला. काळी टेप सोडली तर आतून हिरवी पूड गळाली, मधली तार पूर्ण तुटलेली. तुटलेल्या वायरला शेजारच्या दोन जिवंत वायरींकडून, मधल्या प्लास्टिकमधून, कपॅसिटरसारखं व्होल्टेज मिळत होतं. दोनशे मीटर फ्लॅट केबलमध्ये एवढं पुरतं. १० मेगाओहमचं मीटर ते व्होल्टेज पाडत नाही, बल्ब लगेच पाडतो. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: मोटर सोडवून मोजायचं, आणि मीटरनंतर लॅम्प लावल्याशिवाय शेतकऱ्याला काही सांगायचं नाही. लॅम्प बांधायला पाच मिनिटं लागतात भो, तेवढा कंटाळा करू नका.

दुसरी चूक भजनी मंडळांची. हार्मोनियमला पिझो चकती (थरथरीचं व्होल्टेज करणारी) चिकटवतात आणि वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला. आवाज पत्र्यासारखा येतो. चकती साधारण २० नॅनोफॅरडची, लाइन इनपुट १० किलोओहमचं, म्हणजे ८०० हर्ट्झच्या खालचे स्वर कमी-कमी होत जातात. एक मेगाओहमवर तीच हद्द ८ हर्ट्झवर येते. बासचं बटण फिरवून घरघर वाढते, खर्ज परत येत नाही. मी एफईटी ट्रान्झिस्टरचा छोटा बफर, म्हणजे जास्त इनपुट इम्पीडन्सचं मधलं सर्किट, चकतीपासून वीतभर अंतरावरच बसवतो.

"दोन्हीकडे इम्पीडन्स सारखा पाहिजे" हे पुस्तकातलं वाक्य जास्तीत जास्त पॉवर द्यायची असेल तेव्हाचं आहे. माइकसारख्या सिग्नलला दहापट धरा: माइक २०० ओहमचा, तर इनपुट दोन किलोओहम.

सीमॉस आयसीचा न वापरलेला इनपुट पाय हवेत सोडू नका. अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डच्या अॅनालॉग इनपुटला सेन्सर जोडताना त्याचा सोर्स इम्पीडन्स १० किलोओहमच्या वर नेऊ नका, मग रीडिंग नाचतंय म्हणून कोड बदलत बसावं लागणार नाही.

सर्किटमधल्या क्रिस्टलची लहर ऑसिलोस्कोपवर बघताना प्रोब १० एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणारी सेटिंग) ठेवा. १ एक्सवर केबलच्या कपॅसिटन्सनेच क्रिस्टल बंद पडू शकतो. माझ्या प्रोबचं ते बटण मी टेप लावून १० एक्सवरच चिकटवून टाकलंय.