नोकरीला ‘नको’ म्हणण्याआधी: नाशिकच्या मुलामुलींनो, या चुका टाळा

डिप्लोमा झाल्या झाल्या मला अंबडच्या एका कंपनीतून फोन आला होता. जागा स्टोअरमध्ये होती. स्टोअर म्हणजे नट-बोल्ट मोजत बसायचं, अशी माझी समजूत. मी तिथल्या तिथे ‘नको’ म्हणालो. ती जागा माझ्या वर्गमित्राने घेतली. कोणता माल कुठून येतो, कोणाचा माल वेळेवर येत नाही, एका पार्टसाठी अख्खी लाइन कशी थांबते, हे सगळं त्याला दोन वर्षांत पाठ झालं. तिथून तो परचेसला गेला आणि पुढे प्लॅनिंगला. मला नकाराचं वाईट वाटत नाही. काम काय आहे हे एका शब्दाने विचारलं नाही, याचं मात्र अजून वाईट वाटतं.

जागेचं नाव ऐकून निकाल लावणे

आमच्या भागात ही चूक द्राक्षाच्या हंगामात फार दिसते. दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमध्ये जागा निघते आणि बी.एस्सी. केलेली मुलगी म्हणते, ‘द्राक्षं पेटीत भरायला शिकले का मी?’ पेट्या भरणं हा त्या कामाचा एक तुकडा झाला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत औषधांचे अंश मर्यादेत आहेत ना, हे प्रयोगशाळेत तपासलं जातं. कोणत्या बागेतला माल कोणत्या पेटीत गेला याची नोंद ‘ग्रेपनेट’ या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर ठेवावी लागते. या नोंदी आणि तपासण्या ज्याला नीट समजतात, त्याला डाळिंब, भाजीपाला, प्रक्रिया उद्योग अशी बरीच दारं उघडी राहतात. म्हणून फोनवर आधी हे विचारा: ‘पहिले सहा महिने माझा दिवस कसा जाईल? माझ्या आधी या जागेवर कोण होतं, ते आता कुठे आहेत?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. आधीचा माणूस त्याच कंपनीत वर चढला असेल तर जागेत दम आहे. वर्षात तीन माणसं सोडून गेली असतील, तर तेही कळलेलं बरं.

फक्त ‘हातात किती?’ एवढंच बघणे

समजा, ऑफर लेटरवर वर्षाला 3 लाख 60 हजार सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) लिहिलंय, म्हणजे महिन्याला 30,000. बेसिक 15,000 धरलं तर त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीसाठी बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे साधारण 720, तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 जातो. हातात येतात साडेपंचवीस हजारांच्या आसपास. दुसरीकडे एखादं वर्कशॉप रोख 26,000 देतो म्हणतं. मुलगा पाचशे रुपयांसाठी तिकडे जातो. पण पहिल्या ठिकाणी दोन्ही वाटे मिळून महिन्याला 3,600 रुपये तुमच्या पीएफ-पेन्शनमध्ये पडतात. वर्षाचे 43,200 झाले. ते सोडायचे असतील तर निदान माहीत असून सोडा.

पुण्याच्या ऑफरशी तुलना करतानाही हेच. तिकडे 30,000 हातात आणि खोली, मेस, येणं-जाणं धरून खर्च 14,000, तर उरतात 16,000. इथे नाशिकच्या सिडकोत घरी राहून 22,000 मिळतात आणि 4,000 खर्च होतात, तर उरतात 18,000. तरीही पुण्याचं काम जास्त शिकवणारं असेल तर जरूर जा. फक्त आकडा मोठा दिसला म्हणून नाशिकची जागा सोडू नका.

‘सिन्नर लांब पडतं’

लांब आहेच, तीसेक किलोमीटर. पण कंपनीची बस आहे का, कोणत्या स्टॉपवर येते, थर्ड शिफ्टलाही असते का, हे न विचारताच कित्येक जण नकार देतात. गोंद्याच्या कारखान्यांतल्या जागांचंही तेच. एकदा शिफ्टच्या वेळेला स्वतः जाऊन या. थकवा नकाशावर कळत नाही.

घरच्यांचा नकार आपला समजणे

मामा म्हणतात ‘कॉन्ट्रॅक्टवर नको’. त्यांची काळजी खरी आहे. त्यांनी माणसं एका दिवसात कामावरून कमी झालेली पाहिली आहेत. पण कॉन्ट्रॅक्ट म्हणजे नेमकं काय, ते तुम्ही विचारून घ्या. तुम्ही कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या? मुदत किती? पीएफ कोण भरणार? अप्रेंटिस असाल तर स्टायपेंड मिळतो, पीएफ कापला जात नाही. ही उत्तरं कागदावर घेऊन मामांसमोर बसा. त्यानंतरही ते ‘नको’ म्हणाले तर त्या ‘नको’ला वजन आहे.

एक नकार मात्र लगेच द्यायचा. जॉइनिंगसाठी पैसे मागितले तर दुसरा विचारच करू नका.

नकार देऊन झालाय आणि आता चुटपुट लागलीय?

सगळ्यात वाईट म्हणजे फोनच न उचलणं. पण स्पष्ट नकार दिला असेल आणि दोन-तीन दिवसच झाले असतील तर फोन करा. लाजू नका. लांबण लावू नका आणि घरच्यांवरही ढकलू नका. एवढंच म्हणा: ‘मॅडम, परवा मी कामाची पूर्ण माहिती न घेता नकार दिला. जागा अजून रिकामी असेल तर मला एकदा भेटायचं आहे.’ मी पुढे बरीच वर्षं भरतीचं काम पाहिलं. असा फोन आला की मला राग येत नसे, उलट त्या मुलाचा अर्ज मी पुन्हा वर काढत असे.

जागा भरली असेल तर ‘पुन्हा निघाली तर कळवा’ असं सांगून नाव आणि नंबर मेसेज करून ठेवा. ट्रेनीच्या जागेवर आलेली काही मुलं पहिल्याच महिन्यात सोडून जातात. तेव्हा नवी जाहिरात देण्याआधी जुनी यादीच उघडली जाते.