नवं तंत्र झाकायचं की उघडायचं? छोट्या उद्योजकांनो, या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीमालकाला (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाला) विचारा, ‘तुमचं तंत्र बाहेर जातं का?’ बहुतेकांचं उत्तर असतं, ‘आम्ही कुणाला आत फिरकूच देत नाही.’ आणि त्याच वेळी पॅटर्नचं (ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्याचं) पूर्ण ड्रॉइंग कोटेशनसाठी दोन-तीन व्हेंडरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडलेलं असतं.

अमेरिकी प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये ‘ओपन इनोव्हेशन’ (नव्या कल्पना बाहेरून घ्यायच्या, आपल्याही बाहेर द्यायच्या) ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर मोठ्या कंपन्यांच्या संशोधन प्रयोगशाळा होत्या. आपल्याकडे प्रयोगशाळा म्हणजे शेडचा एक कोपरा. त्यामुळे ‘आमचं धोरण ओपन’ किंवा ‘क्लोज्ड’ असं कंपनीभर ठरवणं हीच पहिली चूक. ठरवायचं ते एकेका गोष्टीबद्दल.

साच्याच्या वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) किती, ओलावा किती, धातू कुठल्या तापमानाला ओतायचा, हे तयार कास्टिंग (ओतीव भाग) बघून कुणाला सांगता येत नाही. ते झाकूनच ठेवा. त्याचं पेटंट घ्यायला गेलात तर अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि शेजारच्या शेडमध्ये कुणी ती पद्धत वापरली तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. उलट, विकत घेऊन, कापून, मोजून जे कळतं (पार्टची रचना, जोडणीची नवी पद्धत) ते झाकून उपयोग नाही. तिथे पेटंट किंवा डिझाइन नोंदणी करा, पण माल दाखवण्याआधी. नमुना प्रदर्शनात मांडायचा आणि अर्जाचं नंतर बघू म्हणायचं, ही सर्रास होणारी चूक. राजपत्रात अधिसूचित झालेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या बाबतींतच पेटंटचा अर्ज नंतर करायला १२ महिन्यांची सवलत मिळते. घाई असेल तर पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्या. लघुउद्योगांना शुल्कात सवलत असते, तेव्हा ‘परवडत नाही’ हे कारण निदान अर्जाच्या शुल्कापुरतं तरी चालणार नाही.

जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) ड्रॉइंग देताना हात आखडता घ्या. मशिनिंगवाल्याला लागतात तयार मापं आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक). गेटिंग-रायझर (साच्यात धातू जायची वाट आणि जादा धातूचा साठा) कुठे ठेवलाय हे त्याला कशाला? तरी आपण अख्खी फाइल पाठवतो, कारण दुसरी बनवायचा कंटाळा.

ग्राहकाच्या पीओमागची (खरेदी ऑर्डरमागची) बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. ‘टूलिंग आणि त्यातील सुधारणा खरेदीदाराच्या मालकीच्या’ अशी ओळ असेल (टूलिंग म्हणजे पॅटर्न, साचे वगैरे), तर तुमच्या फोरमननं सुचवलेली दुरुस्तीही त्यांच्या खात्यात जाऊ शकते. सही करण्याआधी ती ओळ खोडून घ्या, निदान ‘पुरवठादाराची प्रक्रिया वगळून’ एवढं तरी घाला. कॉलेजच्या प्रोजेक्टचंही तेच: मुलं कामाला लावण्याआधी मालकी कुणाची आणि शोधनिबंध कधी छापायचा, हे लिहून घ्या. प्राध्यापकांना निबंध हवा असतो, त्यात गैर काही नाही.

आणि झाकण्याचा अतिरेकही नको. कास्टिंगमधलं श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडणाऱ्या पोकळ्या) शोधायला वर्षभर भट्ट्या वाया घालवणारे आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘ई-फाउंड्री’सारखे उपक्रम किंवा औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) इंडो-जर्मन टूल रूम अशा वेळी विचारायला आहेत. श्रिंकेज सगळ्यांनाच छळतं, त्यात गुपित ते काय?

गुपित आधीच फुटलं असेल तर

कामगार सोडून समोरच्याकडे गेला की मालक म्हणतात, ‘करारात लिहिलंय, दोन वर्षं दुसरीकडे जाता येणार नाही.’ करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली नोकरी सुटल्यानंतरची असली बंदी सहसा टिकत नाही. टिकू शकते ती गोपनीयतेची अट, तीही गुपित नेमकं कोणतं हे लिहिलेलं असेल तर. भारतात ट्रेड सीक्रेटसाठी (धंद्यातल्या गुपितासाठी) वेगळा कायदा नाही, कोर्ट करार आणि विश्वासभंग बघतं. म्हणून नोटिशीआधी माल पाठवल्याची चलनं, ईमेल, ड्रॉइंग कुणाला कधी दिलं याची नोंद, गोपनीयतेची सही हे सगळं एका फाइलमध्ये लावा. चॅटचे स्क्रीनशॉट असतील तर मूळ फोन सांभाळून ठेवा, विकू नका. मग वकिलाकडे जा.