धावणारा प्रत्येक रॅट एडीएचडीचा नसतो : या चुका टाळा

दर वर्षी एम.फार्म.चं कुणीतरी टेबलापाशी येतं. "मॅडम, थीसिस एडीएचडीवर करायचाय. रॅट ओपन फील्डमध्ये सोडायचा, किती धावतो ते मोजायचं, औषध द्यायचं, परत मोजायचं." एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचळवळेपणा आणि उतावीळपणा असा विकार, आणि ओपन फील्ड म्हणजे कडेने भिंती असलेली मोकळी पेटी. बेत सुटसुटीत आहे आणि नेमका तिथेच घोळ आहे. धावणं मोजायला सगळ्यात सोपं, म्हणून आपण तेच मोजतो आणि त्यालाच आजार म्हणून मोकळे होतो.

आधी शब्दाचं. मराठीत रॅट आणि माउस दोघेही उंदीरच. पण डोस, वय आणि शिकण्याची तऱ्हा दोघांची वेगळी असते. म्हणून इथे मी रॅटच म्हणते. माउसच्या पेपरमधला डोस रॅटला देणारे महाभागही पाहिलेत.

पाच मिनिटांचं ओपन फील्ड

या कामात सर्वाधिक वापरला जाणारा रॅट म्हणजे एसएचआर, जन्मतः उच्च रक्तदाबाकडे झुकणारा वाण. १९६३ साली क्योतोमध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी तो विस्टार रॅटपासून तयार केला, तोही रक्तदाबाच्या अभ्यासासाठी. एडीएचडीसाठी त्याचा पाठपुरावा पुढे ऑस्लोच्या तेर्ये सागवोल्डेन यांनी केला. त्यांचं एक निरीक्षण विद्यार्थी हमखास विसरतात : एसएचआरचा अतिचळवळेपणा नव्या जागेत लगेच दिसेल असं नाही. जागा ओळखीची झाली की तो हळूहळू वाढत जातो. पाहुण्यांच्या घरी पहिली दहा मिनिटं शहाण्यासारखं बसणारं मूल आठवा. पाच मिनिटांत दिसते ती बऱ्याचदा भीती किंवा कुतूहल. सत्र लांब ठेवा, त्याच जागेत अनेक दिवस घ्या आणि आकडे मिनिटागणिक वेगळे पाहा.

कंट्रोल कुठला घेतलात?

एसएचआरचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, म्हणून डब्ल्यूकेवाय (विस्टार-क्योतो) हा वाण घ्यायची पद्धत आहे. अडचण अशी, की हा वाण पूर्ण स्थिर होण्याआधीच वेगवेगळ्या ब्रीडरांकडे गेला. त्यामुळे एका ठिकाणचा डब्ल्यूकेवाय दुसऱ्या ठिकाणच्यासारखा असेलच असं नाही. एनसीआरएल या उपवाणाला तर सागवोल्डेन यांच्या गटाने अवधानदोषाचंच मॉडेल म्हणून सुचवलं होतं. शिवाय डब्ल्यूकेवाय मुळात मंद. नैराश्याच्या अभ्यासातही तो वापरतात. मग फरक दिसला तर एसएचआर जास्त पळतो की डब्ल्यूकेवाय कमी हलतो? साध्या विस्टारचा तिसरा गट घेतल्याशिवाय हे कळत नाही. प्राणी कमी पडत असतील तर औषधाच्या एका डोसचा गट कमी करा, पण हा गट गाळू नका. आणि थीसिसमध्ये नुसतं 'डब्ल्यूकेवाय' न लिहिता उपवाण आणि ब्रीडर लिहा.

वयाचा पेच

यावर मला अजून पूर्ण समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. एसएचआरचा रक्तदाब पाच-सहा आठवड्यांपासून चढू लागतो. त्याआधी, चौथ्या-पाचव्या आठवड्यात चाचणी घेतली तर रक्तदाबाचा गोंधळ टळतो आणि ते वयही बालपणाचं असतं. पण अवधान नीट मोजणारी फाइव्ह-चॉइस टास्क (ती कशी, ते पुढे येतंच) शिकवायलाच कित्येक आठवडे लागतात, आणि शिकून तयार होईपर्यंत रॅट प्रौढ आणि रक्तदाबाचा रुग्ण झालेला असतो. थीसिसला वेळ कमी असेल तर लवकर शिकता येणारी सोपी ऑपरंट टास्क (कळ दाबली की खाऊ, अशा धर्तीची) घ्या. फाइव्ह-चॉइसच हवी असेल तर शेपटीच्या कफने रक्तदाब नोंदवा आणि वाढलेला दिसला तर तसं लिहा. एसएचआर आणि डब्ल्यूकेवायच्या संकरातून पुढे दोन वाण निघाले : एक चळवळा पण उच्च रक्तदाब नसलेला, दुसरा उलट. म्हणजे या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात. ते वाण इथे मिळवणं मात्र सोपं नाही.

फाइव्ह-चॉइसचे आकडे वाचतानाही घाई नडते. पाच भोकांपैकी एकात जेमतेम अर्धा सेकंद दिवा लागतो, आणि रॅटने तिथे नाक खुपसलं की खाऊ मिळतो. दिवा लागण्याआधीच नाक खुपसलं तर तो उतावीळपणा. चुकीचं भोक निवडलं तर अवधानाची शंका घ्यावी. पण काहीच केलं नाही, तर? विद्यार्थी लगेच लिहितात, 'लक्ष नाही'. अहो, पोट भरलेलं असेल, गुंगी असेल! खाऊ घ्यायला किती वेळ लागला ते बघा. तोही वाढला असेल तर प्रश्न भुकेचा किंवा हालचालीचा आहे. उतावीळपणा दिसतच नसेल तर मधली थांबायची वेळ पाचवरून सात सेकंद करा, किंवा दर वेळी बदलती ठेवा. ठरलेली वेळ रॅट पाठ करून टाकतो.

डोस

माणसाचा डोस तक्त्याने गुणून थेट रॅटला द्यायचा, ही सगळ्यात महागडी चूक. मिथिलफेनिडेट (एडीएचडीवर देतात ते उत्तेजक औषध) जास्त झालं की रॅट उलट पळत सुटतो, नाहीतर एकच हालचाल पुनःपुन्हा करत राहतो. मग 'औषधाने आजार वाढला' असा निष्कर्ष! अवधानासाठी उपयोगी पडलेले डोस किलोमागे पोटात इंजेक्शनने साधारण ०.५ आणि तोंडावाटे साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपासचे आहेत. वजन हायड्रोक्लोराइडचं की बेसचं, तेही लिहा, कारण १ मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइडमध्ये बेस सुमारे ०.८६ मिलिग्रॅमच असतं.

आणि 'औषधाने शांत झाला, म्हणजे मॉडेल खरं' असं म्हणू नका. उत्तेजक औषध आजार नसलेल्या मुलांनाही स्थिर करतं, हे १९७८ मध्येच दाखवलं गेलंय. कमी डोसमध्ये साध्या रॅटचंही काम सुधारतं. म्हणून कंट्रोल गटालाही औषध द्यायलाच हवं.

मिथिलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे खरेदीचे कागद आयएईसीच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या संस्थेतल्या समितीच्या) अर्जासोबतच सुरू करा. अ‍ॅटोमोक्सेटिन हे एडीएचडीवरचंच दुसरं औषध त्या यादीत नाही.

पुण्याची भर

रॅट निशाचर. दिवसा उजेडात चाचणी घेतलीत तर झोपमोड मोजाल. म्हणून उलटं प्रकाशचक्र लावतात. पण गुरुवारी मेंटेनन्ससाठी वीज गेली आणि टायमरला बॅटरी नसेल तर चक्र तेवढे तास सरकतं. आमच्याकडे हे लक्षात यायला दोन आठवडे गेले, तोवरचे आकडे गेले बाराच्या भावात. श्रावणात दुसरी परीक्षा. नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की खिडक्या बंद असल्या तरी धक्के पिंजऱ्यापर्यंत पोचतात. एका वर्षी रॅटने न दिलेल्या प्रतिसादांची वाढ आम्ही औषधाच्या खात्यावर लिहीत होतो. नंतर पाहिलं तर सलाइनच्या (औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी दिलेल्या) गटातही तीच वाढ, तीही फक्त संध्याकाळच्या सत्रांत. आता प्रशिक्षण फेब्रुवारीत सुरू करतो आणि श्रावणाच्या आत चाचण्या उरकतो.

एकाच मादीची आठ पिल्लं एका गटात घातलीत तर संख्याशास्त्राच्या लेखी तुमच्याकडे एकच नमुना असतो. पिल्लं गटांत वाटा, नर-मादी दोन्ही घ्या, आणि कुठल्या सिरिंजमध्ये काय आहे हे चाचणी घेणाऱ्याला कळू देऊ नका. सिरिंज भरायचं काम शेजारच्या लॅबमधल्या कुणाला तरी सांगा, चहाच्या बोलीवर.